चालीला मुद्रा नसते



रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला एक वळण लागलेले असते. गाणे वाजण्याआधी निवेदक तीन नावे सांगतो. गीत कुणाचे, संगीत कुणाचे आणि स्वर कुणाचा. केजसारख्या तालुक्याच्या गावी मोठ्या गवयाची मैफल ऐकायला मिळणे कठीणच. गाण्याच्या दुनियेतली माणसे आम्हाला ठाऊक झाली ती या तीन नावांमधून. त्यातली एक जोडी माझ्या चांगली लक्षात राहिली, कारण दोघांचे नाव सारखेच होते. गीत अशोकजी परांजपे, संगीत अशोक पत्की आणि स्वर सुमन कल्याणपूर. 'केतकीच्या बनी' आणि 'नाविका रे' ही गाणी या तिघांची.

आज मला यातल्या दुसऱ्या अशोकांविषयी बोलायचे आहे. अशोक पत्की हे नाव घेतल्यावर काही जण लगेच मान डोलावतील, काही जण 'ऐकल्यासारखे वाटते' म्हणतील. पण त्यांची चाल ज्याने ऐकली नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. 'मिले सुर मेरा तुम्हारा' ऐकले असेल. 'गोट्या', 'आभाळमाया', 'वादळवाट' या मालिकांची शीर्षकगीते ऐकली असतील. धारा तेलाची जाहिरात तर लहान मुलेसुद्धा गात असत. या सगळ्या चाली एकाच माणसाच्या. चाल घरोघरी पोहोचली आणि माणूस मात्र दाराबाहेर राहिला, असे का झाले, हा आजच्या बोलण्याचा विषय.

मी कविता लिहितो, म्हणून माझ्या बाजूने सुरुवात करतो. आपल्याकडे कवीने आपले नाव कवितेतच ओवून ठेवण्याची रीत आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते. आमच्या मराठवाड्यातल्या गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवून घेते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही आपल्या रचनेत आपले नाव घालतात. याला नाममुद्रा म्हणतात. गझलेतही तसेच. शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपले टोपणनाव गुंफतो. सिराज औरंगाबादींची गझल तीनशे वर्षांच्या प्रवासातही सिराजचीच राहिली, कारण 'सिराज' हे नाव शेरातून उपटून काढले तर शेरच मोडतो. चोर असला तरी त्याला मालकाच्या नावासकट माल उचलावा लागतो.

मुद्रा नसली की काय होते, याचे उदाहरण परांजप्यांचेच आहे. अशोकजी परांजपे लोककलांचे अभ्यासक होते आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आमच्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादला येऊन राहिले. 'अवघे गरजे पंढरपूर' हे 'गोरा कुंभार' नाटकातले पद त्यांचे. त्याला चाल जितेंद्र अभिषेकींची. आज ते दिंडीत, भजनात, लग्नाच्या मांडवातही गायले जाते आणि कित्येकांना तो एखाद्या जुन्या संताचा अभंग वाटतो. कवीला नाव घालायची सोय असूनही, ते घातले नाही तर असे होते. चाल बांधणाऱ्याला तर ती सोयच नाही. सुरांत 'अशोक म्हणे' कसे बसवणार? चालीला मुद्रा नसते.

ही मुद्रा बाहेरून द्यावी लागते. ती रेडिओने दिली. पण तीही आपोआप मिळालेली नव्हती. १९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांचे संगीत, आणि 'आयेगा आनेवाला' हे गाणे घरोघर गाजले. त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव काय छापले होते? 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, की ही गाणारी कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. म्हणजे नाव मिळाले ते श्रोत्यांनी विचारले म्हणून. पुढे गायक, गीतकार आणि संगीतकार या तिघांचीही नावे सांगण्याचा रिवाज पडला आणि माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलाला संगीतकार नावाचा कुणी माणूस असतो, हे समजले.

अशोक पत्की यांचा जन्म १९४१ सालचा, मुंबईतला. हार्मोनियम हे त्यांचे पहिले वाद्य. सुमन कल्याणपूर यांच्या कार्यक्रमांत ते साथीला असत. पुढे जितेंद्र अभिषेकींकडे त्यांनी संगीत संयोजनाचे काम केले. हे संयोजन म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. संगीतकार चाल बांधतो. पण मुखडा संपला की अंतऱ्याआधी कोणते वाद्य वाजेल, बासरी किती वेळ बोलेल, व्हायोलिने कुठे उठतील आणि कुठे बसतील, गायकाला श्वास घ्यायला जागा कुठे सोडायची, हे सारे ठरवून वादकांना लिहून देणारा माणूस म्हणजे संयोजक. घर बांधताना गवंडी असतो ना, तसा. घरावर मालकाच्या नावाची पाटी लागते, गवंड्याची लागत नाही. पत्की यांच्या कारकिर्दीची सुरुवातच अशी बिननावाच्या कामातून झाली. दुसऱ्याची चाल नटवता नटवता ते स्वतःची चाल बांधायला शिकले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

त्यानंतर त्यांनी भावगीते केली, नाटके केली, चित्रपट केले. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे तो जाहिरातींच्या गाण्यांचा, ज्याला जिंगल म्हणतात. अशा जिंगल त्यांनी हजारोंनी केल्या. हे काम हलके समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला तसे वाटत नाही. जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे, म्हणून आपली गाणी तीन-साडेतीन मिनिटांची झाली. त्यात मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत बसते. जिंगलला मिळतात तीस सेकंद, कधी दहाच. तेवढ्यात चाल उभी राहिली पाहिजे, मालाचे नाव स्पष्ट ऐकू आले पाहिजे आणि घरातल्या पोराने ती दुसऱ्या दिवशी गुणगुणली पाहिजे. कवितेत दोन ओळींचा शेर लिहिणे हे दोनशे ओळींच्या खंडकाव्यापेक्षा सोपे नसते, हे कवींना कळते. जिंगलचे तेच आहे. पाल्हाळाला तिथे जागा नाही.

या तालमीचा खरा कस लागला तो १९८८ साली. लोकसेवा संचार परिषदेसाठी राष्ट्रीय एकात्मतेवर एक छोटी फिल्म करायचे ठरले. कल्पना सुरेश मलिक यांची, दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांचे, हिंदी शब्द पीयूष पांडे यांचे. चाल अशोक पत्की यांची आणि वाद्यमेळाच्या रचनेत लुई बँक्स. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा दिसले. सुरुवातीला पंडित भीमसेन जोशी, पुढे बालमुरलीकृष्ण, शेवटाकडे लता मंगेशकर. साधारण सहा मिनिटांत चौदा भाषा.

मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो. गावात टीव्ही मोजक्या घरांत होते आणि ज्या घरी टीव्ही, त्या घरी गल्ली गोळा व्हायची. त्या गाण्यात मला जे सापडले ते इतरांपेक्षा थोडे वेगळे होते, असे आज वाटते. आमच्या घरी बोलायची भाषा दखनी. अब्बा वाचत उर्दू. माझी शाळा मराठी आणि मला कविता सुचायची तीही मराठीत. यातली तुझी भाषा कोणती, असा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जात असे. मोहल्ल्यात विचारत, मराठीत का लिहितोस? कविसंमेलनात विचारत, मराठी इतके चांगले कसे येते? दोन्ही प्रश्नांत एकच काटा होता. आणि इथे एक चाल होती, जिच्यात हिंदी आली, उर्दू आली, शेवटाकडे गुजरातीपाठोपाठ मराठीही आली आणि चालीने कुणालाच विचारले नाही, की तू इथे कशी?

ते भाषणाने साधले नसते. ते कसे साधले, हे मी पुढे अनेकदा ऐकून समजून घ्यायचा प्रयत्न केला. पहिली गोष्ट म्हणजे राग. गाणे भैरवीत आहे. मैफलीची सांगता करायची ती भैरवीने, असा आपला रिवाज. इथे मात्र भैरवी पहिल्याच सुराला येते. भैरवीचा स्वभाव मोठा मोकळा. तिचे नेमाचे कोमल सूर आहेतच, पण ठुमरीसारख्या गाण्यात बाराच्या बारा सूर तिच्या घरी येऊन जातात आणि ती कुणाला हाकलत नाही. म्हणून पंजाबचा ठेका आला काय, बंगालची नावाड्याची लकेर आली काय, दक्षिणेची गमक आली काय, ती पाहुणी वाटत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. प्रत्येक भाषेचे ऱ्हस्व-दीर्घ निराळे असते. हिंदीत चार मात्रांत जे बसते ते तमिळमध्ये सहा मागते, काश्मिरीत अडखळते. एकाच मापाच्या सदऱ्यात चौदा अंगे बसवायची तर कुठे ना कुठे शिवण उसवणारच. म्हणून चाल हट्टी असून चालत नाही. मूळ वळण तेच ठेवून तिला प्रत्येक भाषेजवळ थोडे वाकावे लागते, लय बदलावी लागते, एखादी जागा लांबवावी लागते. मराठी ओळींत सूर आणि तारा जुळल्याची तीच गोष्ट येते, पण ती हिंदीचे भाषांतर वाटत नाही. मराठीच्या तोंडी ती मराठीच वाटते. एकात्मता म्हणजे सगळ्यांनी एकसारखे होणे, असे मानणाऱ्यांनी ही सहा मिनिटे नीट कान देऊन ऐकावीत.

आता त्या फिल्ममध्ये लोकांनी कुणाला ओळखले? गवयांना, नटनट्यांना, खेळाडूंना. त्यांचे चेहरे पडद्यावर होते. चाल बांधणारा पडद्यावर नव्हता आणि गाण्याआधी नाव सांगणारा निवेदकही नव्हता. रेडिओने दिलेली मुद्रा टीव्हीने पुसली ती अशी. टीव्हीवर नाव सांगत नाहीत, दाखवतात, आणि तेही इतक्या वेगाने की वाचणारा 'संगीत' या शब्दापर्यंत पोहोचेस्तोवर पुढची पाटी आलेली असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे तर विचारूच नका. माझी अम्मी रेडिओवरून कितीतरी संगीतकारांना ओळखायची, टीव्हीवरून एकालाही नाही.

मालिकांच्या शीर्षकगीतांत हे आणखी ठळक झाले. दूरदर्शनवर ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ची मालिका आली, तिचे शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचे आणि चाल पत्की यांची. मग १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली, तिचेच पुढे झी मराठी झाले. तिच्यावर 'आभाळमाया' आली आणि २००३ पासून 'वादळवाट'. दोन्ही शीर्षकगीते मंगेश कुळकर्णी यांनी लिहिली, देवकी पंडित यांनी गायली आणि संगीत अशोक पत्की यांचे. देवकी पंडित यांनाही अभिषेकींची तालीम मिळालेली. म्हणजे पत्की ज्या अंगणात वावरले, त्याच अंगणातला तो गळा.

शीर्षकगीताचे काम अजब असते. आठवड्यातून पाच दिवस धरले तरी एक चाल वर्षाला अडीचशेच्या वर वेळा वाजते. मालिका तीन-चार वर्षे चालली तर हजार वेळा. एवढ्या वेळा ऐकूनही तिचा वीट येता कामा नये. आणि ती टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी असतेच, पण त्याहून अधिक ती स्वयंपाकघरातल्या बाईसाठी असते. पहिल्या दोन सुरांत तिने ओळखले पाहिजे, की वेळ झाली. तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर यायला हवे. आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत कितीदा तरी शीर्षकगीत संपायला आणि लाइट जायला एकच गाठ पडायची. कथानक राहून जायचे, पदरात पडायची ती फक्त चाल. आज त्या मालिकांची कथा विचारा, दहांतले नऊ जण गोंधळतील. चाल विचारा, दहाही जण गाऊन दाखवतील.

चित्रपटांतही पत्की यांना यश उशिरा, पण भरघोस मिळाले. 'आई शप्पथ'मधले सौमित्र यांचे 'दिस चार झाले मन' साधना सरगम यांच्या आवाजात गाजले. स्वप्नील बांदोडकर यांनी गायलेल्या 'राधा ही बावरी'ची तर चालही त्यांची आणि शब्दही त्यांचे. आणि २००६ सालच्या चित्रपटांसाठीच्या ५४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा मान त्यांना मिळाला, तो 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटासाठी. पासष्टीच्या घरात असलेल्या मराठी संगीतकाराला देशाने गौरवले ते शेजारच्या भाषेतल्या चालींसाठी. चौदा भाषांजवळ वाकलेल्या चालीला पंधरावीही परकी नव्हती.

आता कुणी म्हणेल, नाव राहिले नाही तर बिघडले काय? जात्यावरच्या ओव्या कुणाच्या, हे कुठे माहीत आहे? चाल लोकांची झाली, यापरता मान कोणता? हा विचार मलाही काही वर्षे गोड वाटत असे. पण त्यात एक गफलत आहे. जात्यावर ओवी रचणाऱ्या बाईचे दळण त्या ओवीवर अवलंबून नव्हते. ती पीठ करत होती आणि गात होती. संगीतकाराचे पीठ चालीतूनच निघते. त्याचे नाव पुसले की त्याचा वाटाही पुसला जातो.

हे नुसते भावनेने बोलत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता, की चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्याने आणि चाल देणाऱ्याने निर्मात्याशी वेगळा करार केला नसेल, तर त्या गाण्यावरचा हक्क निर्मात्याचा. म्हणजे एकदा मानधन घेतले, की पुढे ते गाणे कितीही वर्षे वाजो, चाल बांधणारा मोकळ्या हाताने ऐकत बसणार. हे बदलायला पस्तीस वर्षे लागली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही कुणाला सहजासहजी काढून घेता येत नाही. आमच्या तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उचल घेतली म्हणजे घामावरचा हक्क विकला, असे होत नाही, हे तो अनुभवाने जाणतो. कायदा झाला, चांगले झाले. पण वाटा मागायचा तर आधी चाल कुणाची हे चार माणसांना ठाऊक असावे लागते.

पत्की यांनी आपल्या आत्मचरित्राला 'सप्तसूर माझे' असे नाव दिले आहे. त्यातला 'माझे' हा शब्द मला फार आवडतो. सात सूर सगळ्यांचेच असतात. तरी आयुष्य त्यांत घालवलेल्या माणसाने एकदा तरी 'माझे' म्हणावे. चालीत नाही तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर का होईना, मुद्रा उमटली.

आपण श्रोते आणि प्रेक्षक यात काय करू शकतो? फार मोठे काही नाही. लता मंगेशकरांचे नाव श्रोत्यांनी विचारून बाहेर काढले होते, ते लक्षात ठेवू या. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले गाणी म्हणतात. माइकवर सांगितले जाते, की आता सहावीतली अमुक मुलगी गाणे सादर करील. त्या वाक्यात आणखी दोन नावे घालायला किती वेळ लागतो? गीत अमुक, संगीत अमुक. पाच सेकंद. लग्नाच्या वाद्यवृंदात, गणपतीच्या मंडपात, ईदमिलनाच्या कार्यक्रमात गाणे लावताना सूत्रसंचालकाने एवढेच करावे. आमच्या भागातल्या एका शिक्षकमित्राने प्रार्थनेच्या वेळी फळ्यावर रोज एका गाण्याचा कवी आणि संगीतकार लिहायला सुरुवात केली आहे. मुले आता घरी टीव्ही पाहताना 'चाल कुणाची' म्हणून विचारतात आणि आईबापांची पंचाईत होते. अशी पंचाईत घरोघर व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)